‘एकदा मार उडी’ म्हणणाऱ्यांना

‘सगळं डोक्यात असतं.’ टेक्सासातल्या कुठल्याही चिअर जिममध्ये तासभर बसा, हे वाक्य कानावर पडतंच. मुलगी मॅटच्या टोकाला उभी असते. हात मागे-पुढे झुलवते, गुडघे वाकवते, श्वास घेते आणि उडी मारत नाही. पुन्हा हात झुलवते. कोच म्हणतो, अंग तयार आहे, अडलंय ते डोक्यात. काचेपलीकडे बसलेले आईबाप माना डोलावतात. घरी जाताना गाडीत तेच वाक्य मराठीतून ऐकवलं जातं: अगं घाबरतेस कशाला एवढी, एकदा मार उडी, मग काही वाटणार नाही.

या वाक्याशी माझं भांडण आहे. ते कठोर आहे म्हणून नव्हे. दादरच्या व्यायामशाळेत जिम्नॅस्टिक्स शिकताना याहून कठोर बोलणी मी खाल्ली आहेत आणि त्यांतल्या काहींचा उपयोगही झाला. भांडण आहे ते हे वाक्य बहुतेक वेळा खोटं असतं म्हणून. शिकवण्यात राहिलेली उणीव ते मुलीच्या स्वभावावर ढकलतं. आणि चूक निघालीच, तर तिची किंमत कोच देत नाही, बाप देत नाही. ती त्या पोरीच्या मानेला नाहीतर मनगटाला द्यावी लागते.

आपल्याकडे चिअरलीडर म्हटलं की २००८ सालच्या पहिल्या आयपीएलमधल्या पॉमपॉमवाल्या मुली आठवतात. इथे ज्याला ‘ऑल स्टार’ चिअर म्हणतात त्याचा त्यांच्याशी जवळजवळ संबंध नाही. प्रोत्साहन द्यायला समोर कुठला सामनाच नसतो. ५४ फूट रुंद, ४२ फूट खोल मॅट, अडीच मिनिटांचं संगीत, आणि तेवढ्यात मनोरे, एकीला हवेत फेकणं, नाच आणि टम्बलिंग, म्हणजे कोलांट्याउड्यांची मालिका. दर वर्षी हिवाळा सरताना डॅलसच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये राष्ट्रीय स्पर्धा भरते तेव्हा अख्खं शहर केसांना मोठ्ठे बो लावलेल्या पोरींनी भरून जातं. त्यांत आता कुलकर्ण्यांच्या आणि पाटलांच्याही असतात. मुलीला भरतनाट्यमला घालायचं की चिअरला, हा वाद आमच्या मंडळाच्या गणपतीत दर वर्षी रंगतो. चिअरचा पक्ष जिंकत चाललाय, आणि माझी त्याला ना नाही. माझीही मुलगी त्यातच आहे. हरकत आहे ती फक्त शिकवण्याच्या या एका तऱ्हेला.

आता ‘डोक्यात’ काय असतं आणि अंगात काय, ते जरा जवळून बघू.

बॅक टक म्हणजे हात न टेकता हवेत मागे घेतलेली पूर्ण पलटी. उडी मारताना शरीराचा मध्य चाळीस सेंटिमीटर वर गेला असं धरा. शाळेतल्या भौतिकशास्त्रानं हिशेब केला तर हवेतला सगळा वेळ अर्ध्या सेकंदाहून थोडाच जास्त येतो. तेवढ्यात ३६० अंश फिरायचं, थांबायचं आणि पायांवर यायचं. गंमत अशी, की यातलं जवळजवळ सगळं पाय सुटण्याआधीच ठरलेलं असतं. मॅट सोडताना अंगाला जेवढी फिरकी मिळाली तेवढीच. वर गेल्यावर ती वाढवता येत नाही. गुडघे छातीशी ओढून अंगाचा गोळा केला तर वेग वाढतो, इतकंच. म्हणजे ‘वर गेल्यावर बघू’ या वृत्तीला या उडीत जागाच नाही. वर गेल्यावर बघायला वेळ नसतो.

नवशिकी मुलगी काय करते? डोकं मागे टाकते. जमीन कधी दिसते याची तिला घाई असते, म्हणून मान मागे जाते, मानेमागून छाती जाते, हात कानांपाशी पोचायच्या आतच खांदे वळतात. उडी वर जायची ती मागे जाते. उंची गेली, आणि उंचीबरोबर वेळही गेला. आता पाय खाली यायच्या आत फिरणं पुरं होईल की नाही हा नशिबाचा प्रश्न. बरोबर करणारी मुलगी आधी नुसती वर जाते. हात कानांजवळ, नजर समोर, मान सरळ; आणि मग कंबर डोक्यावरून नेते. बघणाऱ्याला हा फरक कळतही नाही, इतका तो क्षणाचा आहे. पण सगळी पलटी त्याच क्षणात आहे.

‘एकदा मार उडी’वाल्यांना मला विचारायचंय की यात धाडस कुठे बसतं? डोकं मागे टाकण्याची चूक भित्री मुलगी करते तशी धाडसी मुलगीही करते. धाडसी मुलगी ती जास्त जोरात करते, एवढाच फरक. तिला भीती नाही म्हणून तिचे हात वर राहत नाहीत. ते वर राहतात ते शेकडो वेळा नुसती सरळ उडी मारून, हात जागेवर थांबवून, जाड गादीवर सपाट पाठीनं पडून. हे काम कंटाळवाणं असतं. त्याचा व्हिडिओ काढून कोणी मावशीला पाठवत नाही.

बॅक हँडस्प्रिंगचं तर आणखीच स्पष्ट आहे. मागे खुर्ची आहे असं समजून बसायचं, गुडघे पायाच्या बोटांपुढे जाऊ द्यायचे नाहीत, हात झोकून मागे लांब उडी घ्यायची, तळवे टेकले की कोपरं ताठ ठेवून खांद्यांनी जमिनीला ढकलायचं. कोपरं वाकली की हातांनंतर जमिनीला लागतं ते डोकं. कोपरं ताठ ठेवायला खांद्यांत जोर लागतो, आणि हातांवर उलटं उभं राहायची अंगाला सवय असावी लागते. ज्या मुलीला भिंतीकडे पोट करून अर्धं मिनिट हातांवर उभं राहता येत नाही, जिच्या ब्रिजमध्ये, म्हणजे पाठीच्या कमानीत, खांदे उघडत नाहीत, तिला हँडस्प्रिंगला पाठवायचं आणि ती थबकली की तिच्या डोक्याला दोष द्यायचा! ती थबकते कारण तिचं शरीर तिच्या कोचहून प्रामाणिक आहे. नीट विचारलं, ओरडून नव्हे, तर या मुली फार नेमकं सांगतात. ‘उलटं झालं की मी कुठे आहे ते मला कळत नाही,’ असं एकीनं मला सांगितलं होतं. याला भीती म्हणून निकालात काढणं सोपं आहे. खरं तर ती पोर शिकवणीतली राहिलेली पायरी बोट ठेवून दाखवत होती.

इथे समोरून पहिला जोरदार आक्षेप येतो: नियम आहेत ना! अमेरिकेत ऑल स्टार संघांसाठी २००३ साली स्थापन झालेली यूएसएएसएफ ही संस्था आहे, तिच्या लेव्हली आहेत, मग काळजी कसली? लेव्हली आहेत, आणि चांगल्या आहेत. लेव्हल १ला कोलांटी, कार्टव्हील, राउंड-ऑफ, वॉकओव्हर, हँडस्प्रिंग नाही. लेव्हल २ला हँडस्प्रिंग. लेव्हल ३ला धावत येऊन टक, लेव्हल ४ला उभ्यानं टक आणि सरळ अंगाचा लेआउट, लेव्हल ५ला त्यात एक गिरकी, ६ला दोन. आमच्या काळच्या भारतीय व्यायामशाळांत असा छापील क्रम असता तर कितीतरी मनगटं वाचली असती.

पण हा क्रम सांगतो ती कमाल मर्यादा. लेव्हल ३च्या संघात टक करायला परवानगी आहे. त्या संघातल्या अमुक मुलीला टक येते असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. आणि खरी मेख गुणपत्रिकेत आहे. जिम्नॅस्टिक्समध्ये एकटीचे गुण एकटीला. चिअरमध्ये टम्बलिंगची काठिण्यपातळी ठरवताना संघातल्या किती जणींनी ती उडी मारली हे मोजलं जातं. निम्म्याहून जास्त जणींनी केली तर एक पट्टी, बहुतेक सगळ्यांनी केली तर वरची. आता कल्पना करा. संघ ठरतात मे महिन्यात, स्पर्धांचा हंगाम थंडीत सुरू होतो. नोव्हेंबर उजाडलाय, वरची पट्टी गाठायला एक मुलगी कमी पडतेय. ती एक मुलगी म्हणजे एव्हाना मुलगी राहिलेली नसते, पत्रिकेतला आकडा झालेली असते. कोच वाईट माणूस नसतो. त्याच्यावर जिमच्या मालकाचा दाब, मालकावर वर्षाला हजारो डॉलर मोजणाऱ्या आईबापांचा. आणि तो सगळा दाब शेवटी ज्या चार शब्दांत मुलीपर्यंत पोचतो ते शब्द म्हणजे ‘सगळं तुझ्या डोक्यात आहे’. मुलीला कधीच कळत नाही की खरी घाई गुणपत्रिकेला होती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो करणारे लोक आकडे घेऊन येतात. त्यांचं म्हणणं, चिअरलीडिंगच्या धोक्याचा उगाच बाऊ केला जातो. ‘पीडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली अमेरिकेतल्या शाळकरी खेळांमधल्या दुखापतींचा अभ्यास आला. त्यात दुखापतींच्या दरात २२ खेळांमध्ये चिअरलीडिंगचा क्रमांक १८वा होता. फुटबॉल, सॉकर, बास्केटबॉल सगळे वर. आकडा खरा आहे. पण त्याच अभ्यासातला पुढचा आकडा हे लोक वाचत नाहीत. ज्या दुखापतींमुळे खेळाडूला तीन आठवड्यांहून जास्त किंवा कायमचं बाहेर बसावं लागतं, त्यांच्या प्रमाणात हाच खेळ दुसऱ्या क्रमांकावर होता. सर्वांत जास्त आढळलेली दुखापत म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. थोडक्यात, पडणं कमी, पण पडलं की मोठं.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की त्यातल्या अर्ध्याहून अधिक दुखापती मनोऱ्यांच्या आणि स्टंटच्या होत्या; टम्बलिंग त्याखालोखाल. म्हणजे ‘पलटी मारली की मान मोडते’ असं कोणी म्हणत असेल तर तेही माझ्या बाजूचे नव्हेत. टम्बलिंगनं होणारी नासधूस वेगळ्या चालीची असते. वाढत्या वयात मनगटाच्या हाडाचं टोक कोवळं असतं, त्यावर दर हँडस्प्रिंगला सगळं वजन आपटतं. कंबरेच्या खालच्या मणक्याला वारंवार मागे वाकून बारीक तडा जातो. असल्या दुखापतींना धडाम् असा आवाज नसतो. ‘जरा दुखतंय’ असं सांगणाऱ्या मुलीला आपण काय सांगतो? तेच. डोक्यात आहे.

नियमांनी खेळ मरतो, हा तिसरा आक्षेप. त्याला उत्तर द्यायला मला तर्कसुद्धा लागत नाही, इतिहास पुरतो. २००६च्या मार्चमध्ये सेंट लुइसला कॉलेज बास्केटबॉलच्या सामन्यात एक मुलगी मनोऱ्यावरून सुमारे पंधरा फुटांवरून लाकडी फरशीवर आदळली. मानेच्या मणक्याला तडा, मेंदूला हादरा. स्ट्रेचरवरून नेताना बँड वाजू लागला तर तिनं पडल्यापडल्या हातांच्या हालचाली केल्या. सगळ्या वाहिन्यांनी ते दाखवलं आणि देश भारावून गेला. भारावण्यापलीकडे ज्यांनी काही केलं त्यांनी नियम बदलले: २००६-०७ पासून बास्केट टॉसला, म्हणजे हातांची जाळी करून एकीला उंच फेकण्याच्या प्रकाराला, उघड्या कठीण फरशीवर बंदी आली. पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं की बास्केट टॉसमधून होणाऱ्या भयंकर दुखापतींचा दर साधारण चौथाईवर आला. आणि खेळ? २०२० साली नेटफ्लिक्सवर टेक्सासच्या कोर्सिकाना गावातल्या नवारो कॉलेजच्या संघावर ‘चिअर’ ही मालिका आली आणि जगभर पाहिली गेली. २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं आंतरराष्ट्रीय चिअर युनियनला पूर्ण मान्यता दिली. मेलेल्या खेळाला हे मिळत नाही.

नियमांनी खेळ मरतो, हा युक्तिवाद आपल्याला काही नवा नाही. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं दहीहंडीच्या थरांना २० फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालच्या गोविंदांना मनाई केली, तेव्हा परंपरा बुडाली म्हणून केवढा आक्रोश झाला. २०१७ साली वयाची अट १४ वर आली, उंचीची मर्यादा गेली. माझं मत विचाराल तर त्या दिवशी परंपरेला काही मिळालं नाही. सर्वांत वरच्या थराला चढणाऱ्या पोराचं मात्र बरंच काही गेलं.

नियमांवरून आठवलं, कायद्याचा भरवसा धरणाऱ्या पालकांनी दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. २००९च्या जानेवारीत विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की चिअरलीडिंग हा शरीरसंपर्काचा खेळ आहे, त्यामुळे सरावात पडून डोक्याला मार लागलेल्या मुलीला, तिला सावरायला, म्हणजे स्पॉट द्यायला, उभ्या असलेल्या मुलावर निष्काळजीपणाचा दावा लावता येणार नाही. खाली मॅट नव्हती. दीडेक वर्षात कनेटिकटच्या संघीय न्यायालयानं क्विनिपिॲक विद्यापीठाच्या खटल्यात सांगितलं की स्पर्धात्मक चिअर अजून इतकं संघटित नाही की मुलींना समान संधी देण्याच्या कायद्यात त्याला खेळ म्हणून मोजावं. दोन्ही निकालांमागे आपापली कायदेशीर कारणं आहेत, मी वकील नाही. पण आई म्हणून मला त्यातून एवढंच वाचता येतं: ती पडली तर तो खेळ आहे आणि जोखीम तिची, तिनं खेळाडूचे हक्क मागितले तर तो खेळ नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ साली निवेदन काढून याला सरळ खेळ म्हणा अशी मागणी केली होती ती याचसाठी: प्रशिक्षित कोच, वैद्यकीय मदत आणि सरावाला धड जागा मिळावी म्हणून. त्याच निवेदनात कठीण, ओल्या किंवा उंचसखल जमिनीवर टम्बलिंग करू नका असंही होतं. उन्हाळ्यात घरामागच्या अंगणात ऑनलाइन मागवलेला एअर ट्रॅक फुगवून चुलत भावंडांना पलट्या शिकवणाऱ्यांनी तेवढं वाचलं तरी पुरे. घरच्या ट्रॅम्पोलिनबद्दल तर हीच संघटना वर्षानुवर्षं ‘नको’ म्हणतेय.

जागेचं बोलले तसं हाताचंही बोलायला हवं. ‘स्पॉट’ म्हणजे कोचनं मुलीच्या कंबरेला आणि मांडीला हात देऊन तिला फिरवून आणणं. चांगला स्पॉट दर आठवड्याला कमी होत जातो. आधी उचलणारा हात मग फक्त टेकलेला, मग नुसता जवळ. वाईट स्पॉट कधीच कमी होत नाही. खासगी तासाला पैसे भरलेले असतात, मुलगी पलटते, आई व्हिडिओ काढते, सगळे खूश. प्रत्यक्षात पलटी कोचनं मारलेली असते, मुलगी नुसती सोबत गेलेली असते. आणि मग एके दिवशी तो हात काढून घेतला जातो आणि ती उभी राहिली की म्हणायचं, काल तर येत होतं! काल तिला येत नव्हतं, काल कोचला येत होतं. स्प्रिंग असलेल्या मॅटवर जमणारी टक शाळेच्या स्पर्धेतल्या बिनस्प्रिंगच्या मॅटवर जमेलच असंही नाही, आणि टम्बल ट्रॅकवर जमणारी तर नाहीच नाही. प्रत्येक पृष्ठभागावर ती नव्यानं मिळवावी लागते. मुलींना हे ठाऊक असतं. विसरतात ते मोठे.

आता समोरच्या पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा, आणि तो टाळून पुढे जाणं लबाडी होईल. कधी कधी अडतं ते खरोखरच डोक्यात असतं. वर्षभर सुरेख हँडस्प्रिंग करणारी मुलगी एका सोमवारी येते आणि तिला मागे जाताच येत नाही. अंगाला काही झालेलं नसतं, कुठे पडलेलीही नसते. याला इथे ‘ब्लॉक’ म्हणतात आणि चिअरमध्ये तो सर्रास दिसतो. अशा वेळी लाड करून चालत नाही, असं कोच म्हणतात. मान्य, लाड करून चालत नाहीच. पण मग काय करून चालतं?

टोकियो ऑलिंपिकमध्ये २७ जुलै २०२१ला सिमोन बाइल्सला व्हॉल्टवर अडीच गिरक्यांची उडी घ्यायची होती आणि हवेत तिला आपण कुठे आहोत तेच कळेना. दीड गिरकीवर ती कशीबशी उतरली आणि स्पर्धेतून बाहेर पडली. जगातली सर्वश्रेष्ठ जिम्नॅस्ट. तिच्या अंगात काय कमी होतं? ‘डोक्यात’ होतं, अगदी शंभर टक्के. तिनं काय केलं? गिरकीचे सगळे प्रकार बाजूला ठेवले. आठवड्यानं बीमवर उतरली ती शेवटची उडी गिरकीविना बसवून, आणि कांस्य घेऊन गेली. पॅरिसमध्ये २०२४ साली तिनं तीन सुवर्णं जिंकली. ब्लॉकवरचा इलाज तिनं जगासमोर करून दाखवला: दोन पायऱ्या खाली उतर, जे येतंय ते कर, तिथून पुन्हा चढ. तेव्हा तिला घाबरट म्हणणारे आपल्याकडच्या चर्चांतही कमी नव्हते.

आणि ज्यांना खाली उतरू दिलं नाही त्यांचं काय झालं, तेही नोंदलेलं आहे. येलेना मुखिना, सोव्हिएत संघाची, १९७८ साली स्ट्रासबूरला जगज्जेती. १९७९ साली तिचा पाय मोडला. तो धड भरायच्या आत तिला सरावाला जुंपलं गेलं, कारण पुढच्या वर्षी मॉस्को ऑलिंपिक घरच्या अंगणात होतं. तिच्या फ्लोअरच्या रचनेत टॉमस साल्टो नावाची उडी होती: दीड पलटी, दीड गिरकी, आणि शेवट पायांवर नाही तर पुढे घरंगळून. फिरणं थोडं जरी कमी पडलं तर हनुवटी जमिनीवर. या उडीनं माझी मान मोडेल, असं तिनं कोचला सांगितलं होतं. तुझ्यासारख्यांच्या माना मोडत नसतात, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. मोडक्या पायात जोर उरला नव्हता, उंची मिळत नव्हती. तिची तक्रार अगदी तांत्रिक होती. ३ जुलै १९८०ला, ऑलिंपिकला दोन आठवडे उरले असताना, मिन्स्कमध्ये सरावात तिचं फिरणं कमी पडलं. वय वीस. मानेखालचं शरीर कायमचं गेलं. पुढे तिनं मुलाखतीत सांगितलं की जमिनीवर पडल्यावर मनात पहिला विचार आला तो सुटल्याचा: आता ऑलिंपिकला जावं लागणार नाही. २००६ साली ती गेली. स्त्रियांसाठी ती उडी नंतर बंद झाली.

मुखिनाची गोष्ट सांगितली की लगेच म्हणतात, अहो, ते सोव्हिएत होते, ती ऑलिंपिकची पातळी, आमच्या डॅलसशेजारच्या प्लेनोतल्या नऊ वर्षांच्या पोरीशी तिचा काय संबंध? संबंध उडीचा नाही, संभाषणाचा आहे. मुलगी म्हणते, हे मला जमणार नाही, आणि कारणही सांगते. मोठा माणूस कारण ऐकत नाही, त्याला फक्त ‘नाही’ ऐकू येतं, आणि तो त्याला स्वभावाचं दुखणं ठरवतो. हे संभाषण मी या शहरात ऐकलंय. एका जिममध्ये तर भिंतीवर रंगवून लावलेलं होतं की भीती ही खोटी असते.

शेवटी आपले काका. मंडळात एक असतातच. ‘आम्ही चौपाटीच्या वाळूत पलट्या शिकलो, कुठली मॅट आणि कुठली लेव्हल!’ काका, तुम्ही शिकलात हे खरंच. पण तुम्हीही थेट मागची पलटी मारली नव्हती. आधी वाळूच्या ढिगावरून पुढची कोलांटी, मग ढीग लहान, मग मित्रानं पाठीला हात दिलेला. ओल्या वाळूत किती रुतायचं आणि कुठली वाळू दगडासारखी लागते हे मोठी पोरं सांगायची. म्हणजे क्रम होता, पृष्ठभाग होता, स्पॉटही होता. आणि तुमच्यावर घाई नव्हती. यंदा नाही जमलं तर पुढच्या उन्हाळ्यात. नोव्हेंबरपर्यंत पलटी आली नाही तर एकोणीस जणींचे गुण जातील, असं तुम्हाला कोणी सांगत नव्हतं. शिवाय ज्यांचं बिनसलं ते मंडळात येऊन किस्से सांगत नाहीत.

दीपा कर्माकरचं नावही याच सुरात घेतलं जातं. आगरतळ्यात जुन्या स्कूटरच्या भागांतून बनवलेल्या स्प्रिंगबोर्डवर सराव केल्याचं तिच्याबद्दल वारंवार छापून आलं, आणि रिओत २०१६ साली प्रोदुनोव्हा ही व्हॉल्टवरची अवघड उडी मारून ती चौथी आली. बघा, साधनं नव्हती तरी! पण साधनं नव्हती म्हणून तिच्या कोचनं पायऱ्या वगळल्या नाहीत. नसलेली साधनं जमवली. स्कूटरचे भाग खोलून जो माणूस स्प्रिंगबोर्ड बनवतो, तो ‘एकदा मार उडी’ म्हणणारा माणूस नव्हे. तिला ‘मृत्यूची व्हॉल्ट’ मारणारी म्हणून आपण डोक्यावर घेतलं आणि त्यामागच्या पायऱ्या बातमीत आल्याच नाहीत.

‘मग ती मागे पडेल त्याचं काय?’ हा पालकांचा खरा प्रश्न, आणि बाकी सगळे आक्षेप बहुतेक याच्यासाठीच उभे केलेले असतात. पडेल, वर्षभर पडेल. तिच्या मैत्रिणी लेव्हल ३ला जातील, ती २ला राहील. नवा गणवेश, नवा बो, नवी मैत्रिणींची टोळी, थोडी रडारड. मे महिन्यात संघ ठरतील तेव्हा कोचला विचारा, तिची हँडस्प्रिंग कुठल्या मॅटवर आहे आणि कोणाच्या हाताशिवाय. उत्तर ‘जवळजवळ’ असं आलं, तर लेव्हल २चाच फॉर्म भरा, आणि खासगी तासांचे पैसे या उन्हाळ्यात हँडस्टँडवर घालवा. त्याचा व्हिडिओ कोणाला पाठवण्यासारखा नसेल. मावशीला दुसरं काहीतरी पाठवता येईल.